व्यापार-विचार : खाणीत जाणारे प्लास्टिक



आपल्या वाचकवर्गात मिल-स्टोअर्स, हार्डवेअर आणि प्लास्टिकच्या रॉड-शीटचा व्यापार करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असो वा चंद्रपूरच्या बाजारपेठेत, अशा पेढीच्या गोदामात पांढऱ्या, हिरव्या, काळ्या रंगांच्या जाड शीट भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या असतात. साखर कारखाना, औषध कंपनी, बाटल्या भरण्याचा कारखाना हे त्यांचे नेहमीचे ग्राहक. खाण आणि खनिज स्वच्छ करण्याचा कारखाना हाही या मालाचा मोठा ग्राहक आहे. तेथे जाणाऱ्या मालाविषयी मात्र ‘प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक’ हा समज फार महागात पडतो. कधी पैशाने, तर कधी माणसांच्या प्राणांनी. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

खाणीसारख्या दगडधोंड्यांच्या जागी प्लास्टिकचे काम काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पावसाळ्यात मिळते. चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातील कोळसा कन्व्हेयरच्या पट्ट्यावरून पुढे सरकतो आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना लोखंडी पत्र्याच्या उतरत्या पन्हळीतून खाली पडतो. या पन्हळीला चूट म्हणतात. कोळशाचा चुरा पावसाने भिजला की त्याचा चिखल होतो. तो पत्र्याला धरून बसतो, थरावर थर चढतात आणि चूट तुंबते. मग कामगार पहारी घेऊन तो कोळसा टोचतात, बाहेरून घणाचे घाव घालतात. जुन्या चुटींच्या अंगावरचे पोचे पाहिले की त्यांनी किती पावसाळे काढले असतील याचा अंदाज येतो. बंकरमध्ये उतरून अडकलेला कोळसा मोकळा करणे हे तर प्राणावर बेतणारे काम. वरचा ढीग एकाएकी सुटला की खालचा माणूस त्याखाली गाडला जातो.

या चुटीला आणि बंकरला आतून यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलीनच्या शीटचे अस्तर लावले की ओला कोळसा घसरू लागतो. हे पॉलिएथिलीन कुळाने पिशवीच्या प्लास्टिकचेच. परंतु त्याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब असतात. रेणुभार ३० लाखांपासून ६० लाखांपर्यंत जातो. या लांब साखळ्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की घासणारा कण सहजासहजी त्यांतून तुकडा काढू शकत नाही. पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत असतो आणि पाणी त्यात मुरत नाही. जाता जाता एक योगायोग सांगण्याजोगा आहे. हे प्लास्टिक ज्या उत्प्रेरकांच्या साहाय्याने तयार होते, त्यांचा शोध १९५३ साली जर्मनीतील म्यूलहाइम येथे कार्ल त्सीग्लर यांनी लावला, आणि ते ज्या संस्थेचे संचालक होते ती होती कोळसा संशोधनाची संस्था! या कार्याबद्दल त्यांना १९६३ साली इटलीच्या जूलिओ नाट्टा यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने वजनाचा हिशेब महत्त्वाचा. २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड अशी पोलादाची प्लेट सुमारे ३१४ किलो भरते. त्याच मापाची ही शीट सुमारे ३८ किलोची होते. दोन माणसे ती उचलून वर चढवू शकतात. ग्राहक किलोचा भाव ऐकून दचकतो, परंतु त्याच जाडीच्या पोलादाच्या मानाने एका किलोत आठपट क्षेत्र झाकले जाते. चौरस फुटाचा भाव काढून दाखवला की पुष्कळदा बोलणे तेथेच पुढे सरकते. कन्व्हेयरच्या प्लास्टिक रोलरचाही हाच फायदा: ते गंजत नाहीत, आवाज कमी करतात आणि बदलताना कामगाराच्या कमरेवर भार येत नाही.

एवढे असूनही प्लास्टिक हे काही स्वस्तातले पोलाद नव्हे. घसरत जाणाऱ्या बारीक मालापुढे ही शीट टिकते. उंचावरून पडणाऱ्या धारदार मोठ्या दगडापुढे ती टिकत नाही. दगड फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्याला मॅंगनीज पोलादच हवे. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर या शीटचा सततचा वापर करू नये, कारण सुमारे १३५ अंशांना ती वितळण्याच्या अवस्थेला येते. नायलॉनचे बुश मजबूत खरे, पण नायलॉन पाणी शोषून फुगतो; कोरड्या गोदामात अचूक मापाने बसलेला बुश खनिज धुण्याच्या ओल्या जागी शाफ्टला आवळून धरतो. चाळणीच्या पॉलियुरेथेन जाळ्यांचेही तसेच. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन उष्ण आणि ओल्या जागी हळूहळू विघटित होते. गोव्याच्या लोहखनिजासारखे जेथे धुण्याचे काम आहे, तेथे पॉलिईथर जातीचे मागवावे. बिलावर मात्र दोन्ही ‘पीयू पॅनेल’च असतात!

अस्तर बसवण्याविषयीही ग्राहकाला दोन शब्द सांगावेत, कारण शीट उखडली की दोष मालालाच दिला जातो. ३ मीटर लांबीची शीट तापमानातील ४० अंशांच्या फरकाने सुमारे २ सेंटीमीटर वाढते. पोलाद तेवढ्यातच जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. विदर्भातील हिवाळ्याची पहाट आणि वैशाखातील दुपार यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून सांध्यांत जागा सोडावी, बोल्टची छिद्रे लांबट ठेवावीत आणि वरच्या कडेला लोखंडी पट्टी लावावी. तसे न केल्यास शीट फुगते, तिच्यामागे चुरा शिरतो आणि एके दिवशी सगळे अस्तर कोळशाबरोबर खाली येते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ती घडली इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, क्रेसवेल येथील कोळसा खाणीत. २६ सप्टेंबर १९५० च्या पहाटे तेथे भूगर्भातील एका कन्व्हेयरच्या सांध्यावर, म्हणजे एक पट्टा दुसऱ्यावर माल टाकतो त्या ठिकाणी, रबराचा फाटलेला पट्टा चुटीत गोळा झाला. यंत्र चालूच होते. घर्षणाने रबर तापले, पेटले आणि आग पट्ट्याच्या वाटेने पसरत गेली. आत गेलेल्या माणसांना ज्वाळांनी गाठले नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडने गाठले. ८० माणसे गेली. आग विझवण्यासाठी खाणीचा तो भाग बंद करावा लागला, आणि काही मृतदेह पुढच्या वर्षीपर्यंत बाहेर काढता आले नाहीत. तेथील इंजिनाने दगा दिला नव्हता की छत कोसळले नव्हते. जो पट्टा साधा उपयोगाचा माल म्हणून विकत घेतला गेला होता, त्यानेच पेट घेतला.

या दुर्घटनेनंतर ब्रिटनच्या खाणींत सहज न पेटणाऱ्या पट्ट्यांचा आग्रह धरला गेला आणि पीव्हीसीचे पट्टे रूढ झाले. पीव्हीसीच्या घटनेत वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असते, त्यामुळे ते ज्वाळेतून बाहेर काढले की विझू पाहते. पुढे अशा पट्ट्यांसाठी एक कसोटी ठरली: पट्टा जागीच अडकवून ठेवायचा, त्याच्याखाली पोलादी ड्रम फिरवत राहायचा, आणि पट्टा तुटेपर्यंत ज्वाळा निघते का ते पाहायचे. क्रेसवेलच्या सांध्यावर जे घडले, जवळपास तेच प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून पाहायचे.

येथे प्लास्टिकने माणसे वाचवली, असे म्हणून थांबता येत नाही. कारण ज्या पॉलिएथिलीनची एवढी स्तुती वर केली, ते क्लोरीनविरहित आहे. ते मेणाचेच भाऊबंद. पेटले की मेणबत्तीसारखे जळते आणि थेंब गाळत राहते. चूट दुरुस्त करताना बाहेरून वेल्डिंग केले किंवा गॅसने पत्रा कापला, तर आतले अस्तर पेटण्याचा धोका असतो. हे जमिनीवरच्या कारखान्यालाही लागू आहे. भूगर्भात आणखी एक संकट आहे. साधे प्लास्टिक वीज वाहून नेत नाही, त्यामुळे घर्षणाने निर्माण झालेला विद्युतभार त्यावर साठून राहतो आणि ठिणगी पडू शकते. कोळशाच्या थरांतून निघणारा मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल, तर तो स्फोटासाठी ठिणगीचीच वाट पाहत असतो. म्हणून भूगर्भात जाणाऱ्या मालाला दुहेरी अट आहे: तो आगरोधक हवा आणि विद्युतभार न साठवणारा हवा. बाजारात अशा मालाला ‘फ्रास’ म्हणतात. पट्ट्यांसाठी आपल्याकडे आयएस ३१८१ हे मानक आहे, आणि मान्यतेचा अधिकार धनबाद येथील खान सुरक्षा महानिदेशालयाकडे आहे. अशा पट्ट्याच्या पृष्ठभागाचा विद्युतरोध ३० कोटी ओहमच्या आत असावा लागतो. आकडा मोठा वाटेल. परंतु साध्या पॉलिएथिलीनचा रोध याच्या लाखो पट असतो.

आपल्या व्यापाऱ्यांची फसगत होते ती रंगावरून. विद्युतभार वाहून जावा म्हणून प्लास्टिकमध्ये कार्बनची काजळी मिसळतात, त्यामुळे असा माल बहुधा काळा असतो. मात्र उन्हापासून रक्षण व्हावे म्हणूनही काजळीच घालतात. तिचे प्रमाण अल्प, पाण्याच्या काळ्या पाइपात असते तेवढे, सुमारे २ ते अडीच टक्के. तेवढ्याने रंग पूर्ण काळा होतो, पण वीज वाहत नाही. दोन्ही शीट शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना भेद कळणार नाही. मागणीपत्रात ‘काळी शीट, २० मिलिमीटर’ एवढेच लिहिलेले असेल, तर माल पाठवण्यापूर्वी फोन करून विचारावे: खाण उघडी आहे की भूगर्भातील? उत्तर ‘भूगर्भातील’ असे आले, तर उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे मान्यतापत्र हाती आल्याशिवाय माल चढवू नये. मग ग्राहक कितीही जुना असो.

यूएचएमडब्ल्यूच्या नावाखाली साधी एचडीपीई शीट खपवली जाते, ही तक्रारही जुनीच. दोन्ही पाण्यावर तरंगतात, जाळली तर दोन्हींना मेणाचा वास येतो; त्यामुळे या दोन परीक्षांनी काही उमगत नाही. एक सोपा उपाय आहे. दोन्हींचे छोटे तुकडे सुमारे १८० अंशांवर तापवलेल्या लोखंडी पट्टीवर, हवा खेळती असलेल्या जागी ठेवावेत. एचडीपीई वितळून पसरते. यूएचएमडब्ल्यूचा तुकडा काचेसारखा पारदर्शक आणि रबरासारखा मऊ होतो, पण आपला आकार सोडत नाही, कारण त्या लांब साखळ्या एकमेकींना वाहू देत नाहीत.

याच गुणामुळे या प्लास्टिकचे भंगार इतर प्लास्टिकप्रमाणे सहज वितळवता येत नाही. त्याचा भुगा नव्या पावडरीत मिसळून, दाबाखाली तापवून पुन्हा शीट करतात. ही ‘रिप्रोसेस्ड’ शीट काही बनावट माल नव्हे. जेथे घासणी बेताची आहे तेथे ती योग्य आणि स्वस्त पडते; फक्त बिलावर तो शब्द असावा. गोदामात नवी, रिप्रोसेस्ड आणि फ्रास अशा तिन्ही जाती वेगवेगळ्या घोड्यांवर ठेवाव्यात. शीटवर जातीची आणि लॉट क्रमांकाची खूण करताना ती दोन्ही टोकांना करावी, कारण अर्धी शीट कापून दिली की एका टोकाची खूण ग्राहकाबरोबर जाते आणि उरलेला तुकडा बिननावाचा होऊन भिंतीला उभा राहतो.