लिमा नगरी कोणाची?

दक्षिण अमेरिकेच्या प्रवासास निघणाऱ्या आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचा पेरू देशांतील क्रम बहुधा ठरलेला असतो. राजधानी लिमा येथें विमानांतून उतरावयाचें, एक रात्र कशीबशी काढावयाची, आणि सकाळ होतांच कुझ्को व माचू पिच्चू यांच्याकडे धांव घ्यावयाची. सुमारें एक कोटि वस्तीची ही नगरी त्यांच्या लेखीं वाटेवरची धर्मशाळा! कारण विचारावें तर उत्तर मिळतें कीं, तेथें स्पॅनिश लोकांचीं चर्चें आणि सरमिसळ झालेली प्रजा यांवांचून आहे काय? खरा पेरू पाहावयाचा तर डोंगरांतच गेलें पाहिजे. या 'खरा' शब्दाचा समाचार घेणें आतां अवश्य झालें आहे.

याच्या उलट टोंकास दुसरा एक पक्ष खुद्द लिमांत नांदतो. त्याला जुन्या लिमाचें कौतुक अतोनात. कोरीव लांकडी सज्जे, व्हाइसरॉयांचे दरबार, सरदारांचे वाडे हेंच काय तें वैभव, आणि फ्रान्सिस्को पिझारो यानें १८ जानेवारी १५३५ रोजीं 'राजांचें नगर' स्थापिलें तेव्हांपासूनच इतिहासाचा आरंभ, असें तो मानतो. सेबास्तियान सालासार बोंदी या लेखकानें 'भयाण लिमा' अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ १९६४ सालीं लिहून या स्वप्नरंजनावर कठोर प्रहार केला. तरी तें मेलें नाहीं. १९३५ सालीं शहरांत बसविलेला पिझारोचा अश्वारूढ पुतळा २००३ सालीं मुख्य चौकाच्या शेजारून हलविला गेला, आणि २०२५ सालच्या जानेवारींत तो पुनः चौकाजवळ आणून उभा करण्यांत आला!

एका पक्षाला निर्भेळ इंका पाहिजे, दुसऱ्याला निर्भेळ स्पॅनिश. या दोघांनाहि लिमाच्या मातीनेंच उत्तर दिलें आहे. मिराफ्लोरेस या आजच्या संपन्न वस्तींत पुक्याना नांवाचा कच्च्या विटांचा प्रचंड मनोरा उभा आहे. तो पिझारोच्या तर नव्हेच, पण इंकांच्याहि कित्येक शतकें आधींचा. ज्याला आपण 'मूळ' म्हणून शोधीत डोंगरांत जातों, तो इंकादेखील या खोऱ्यांत उशिरां आलेला पाहुणाच होता.

जुन्या शहराच्या गल्ल्या तर याहून स्पष्ट बोलतात. आज बारिओस आल्तोस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागांत स्पॅनिशांनीं १५७१ सालीं तेथील मूळ रहिवाशांसाठीं भिंतीनें वेढलेली निराळी वस्ती केली. पाचाकामिया येथें १६५१ सालीं अंगोलाहून आणलेल्या एका गुलामानें साध्या भिंतीवर क्रुसावरील ख्रिस्ताचें चित्र काढलें. १६५५ च्या भूकंपांत आसपासचीं घरें कोसळलीं, ती भिंत मात्र राहिली. आज दर ऑक्टोबरांत जांभळीं वस्त्रें नेसलेला अफाट जनसमूह ज्या प्रतिमेच्या मिरवणुकीस लोटतो, ती त्याच चित्राची प्रतिकृति होय. व्हाइसरॉय विस्मृत झाले. गुलामाचें चित्र राजधानीचें दैवत होऊन बसलें. मध्यवर्ती बाजाराजवळील कापोन रस्त्यावर चिनी वस्ती आहे. १८४९ ते १८७४ या काळांत सुमारें एक लक्ष चिनी मजूर करारानें बांधून या देशांत आणले गेले, त्यांच्या वंशजांची ती पेठ.

लिमाचें प्रसिद्ध भोजन याच गल्ल्यांतून निघालें आहे. गाईबैलांच्या काळजाचे तुकडे मसाल्यांत मुरवून निखाऱ्यांवर भाजलेलें 'आंतिकुचो' आफ्रिकी वंशाच्या बायकांनीं रस्तोरस्तीं विकून लोकप्रिय केलें. 'लोमो साल्तादो' या पदार्थांत मांसाचे तुकडे चिनी रीतीनें भडक आंचेवर परततात, आणि ताटांत पेरूचा बटाटा व आशियाचा भात शेजारीं नांदतात. 'सेबिचे' मध्यें मासळी पेरूच्या समुद्राची, मिरची तेथल्या मातीची, आंबट लिंबू स्पॅनिशांनीं आणलेलें. आणि १८९९ पासून आलेल्या जपानी लोकांनीं ती फार वेळ मुरवूं नये हें शिकविलें. २०२३ सालीं युनेस्कोनें या पदार्थास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

येथें आणखी एका पक्षाचा कान धरणें भाग आहे. 'अनेक संस्कृतींचा मधुर संगम' असें म्हणून मिटक्या मारणारे उंची भोजनगृहांचे भाट मुख्य गोष्ट गिळून टाकतात. हा संगम निमंत्रणानें झालेला नाहीं. गुलामगिरी १८५४ सालीं उठली तरी मळ्यांना व ग्वानो खताच्या बेटांना राबणारे हात हवेच होते, म्हणून चिनी मजुरांची भरती चालूच राहिली. मिश्रणाची स्तुति करावी, पण तें कोणाच्या पाठीवर झालें हें सांगून करावी. मिराफ्लोरेसमध्यें त्यांच्या पाककलेवर तुंबडी भरत असतां बारिओस आल्तोसमधील जुन्या चाळी पडझडीस आल्या आहेत, हें त्या स्तुतीचें मोल.

आणि शुद्धतेचा टेंभा मिरविणाऱ्या आपल्या मंडळींनीं एकादशीचें ताट एकदां नीट न्याहाळावें. बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, हीं सारीं अमेरिका खंडाचीं अपत्यें. तीं आपल्या पवित्र दिवशीं सोवळ्यांत बसलीं, आणि धर्म कांहीं बुडाला नाहीं. ज्यांच्या उपवासालाहि परदेशाचा आधार लागतो, त्यांनीं लिमाच्या प्रजेस सरमिसळ म्हणून नाक मुरडावें हें शोभत नाहीं.

तेव्हां माचू पिच्चू अवश्य पाहावें. परंतु लिमास चार दिवस द्यावे. सज्जे पाहतांना ते कोणीं कोरले, आणि ताटावर बसतांना तो पदार्थ प्रथम कोणीं व कां रांधला, एवढें विचारण्याची तसदी घ्यावी. तेवढेंहि करावयाचें नसेल, तर 'खरा पेरू पाहून आलों' अशीं व्याख्यानें परत आल्यावर आम्हांस ऐकवूं नयेत.