हातावरची काळी पट्टी

दोस्तांनो, आज घरी बाबांना नाहीतर काकांना एवढंच विचारा, ‘ओलोंगा कोण हो?’ बघा, लगेच ‘अरे, शारजा! १९९८!’ म्हणून सुरूच होतील. झिम्बाब्वेच्या या फास्ट बोलरने उसळत्या चेंडूवर आपल्या सचिनला बाद केलं, आणि दोनच दिवसांनी फायनलमध्ये सचिनने त्याची अशी धुलाई केली की विचारू नका. सचिन नाबाद १२४, भारत दहा गडी राखून विजयी! पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये याच ओलोंगाने एका षटकात आपले शेवटचे तीन गडी उडवले आणि आपण ३ धावांनी हरलो. हे मात्र काका कदाचित सांगायचे नाहीत!

पण हेन्री ओलोंगाची खरी गोष्ट पुढेच आहे.

२००३ चा वर्ल्ड कप. सामने मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, काही झिम्बाब्वेत. १० फेब्रुवारीला हरारेच्या मैदानावर झिम्बाब्वे विरुद्ध नामिबिया. सकाळीच ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर यांनी पत्रकारांच्या हाती एक सहीचा कागद ठेवला. (फ्लॉवर म्हणजे २००० साली नागपूरच्या कसोटीत आपल्याविरुद्ध नाबाद २३२ करणारा.) कागदात लिहिलं होतं, की आमच्या लाडक्या देशात लोकशाहीचा मृत्यू झाला आहे, म्हणून आम्ही दंडावर काळी पट्टी बांधून खेळणार आहोत. आणि दोघे तसेच खेळले. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. त्यांच्या पट्टीमुळे खेळ एक मिनिटही थांबला नाही.

तिथे काय चाललं होतं? रॉबर्ट मुगाबे १९८० पासून सत्तेवर होते. एके काळचे स्वातंत्र्यलढ्यातले नेते, पण आता विरोधकांना मारहाण होत होती, वर्तमानपत्रांवर दडपण होतं, लोकांना अन्न मिळेनासं झालं होतं. गोऱ्यांच्या ताब्यातली जमीन काळ्या शेतकऱ्यांना मिळावी ही मागणी रास्तच. पण ती हिसकावली जात होती दांडगाईने. फ्लॉवर गोरा. तो एकटा बोलला असता, तर ‘जमिनी गेल्या म्हणून गोरे रडताहेत’ असं म्हणून सरकार मोकळं झालं असतं. ओलोंगा झिम्बाब्वेकडून खेळलेला पहिला काळा क्रिकेटपटू. दोघे एकत्र उभे राहिले, म्हणून त्या पट्टीला वजन आलं.

आता तुम्ही म्हणाल, खेळाडूने खेळावं, राजकारण कशाला? मलाही एरवी तसंच वाटतं. तिकीट काढून आलेला माणूस चौकार-षटकार बघायला आलेला असतो, भाषण ऐकायला नव्हे. शिवाय तुम्ही मुलं आवडत्या खेळाडूची बॅट, केस, चालणंसुद्धा उचलता. त्याची मतंही विचार न करता उचललीत तर? पण इथे एक गोम आहे. झिम्बाब्वे क्रिकेट संघटनेचे आश्रयदाते कोण होते, माहीत आहे? खुद्द मुगाबे! म्हणजे राजकारण मैदानात आधीच येऊन बसलेलं होतं, तेही मानाच्या खुर्चीत. वर्ल्ड कप झोकात पार पडला, की देशात सगळं आलबेल आहे असं जगाला दिसणार. तिथे गुपचूप खेळणं म्हणजेसुद्धा काहीतरी बोलणंच झालं की!

पंचाईत पुढे आहे. उद्या एखाद्याने मला अजिबात न पटणाऱ्या गोष्टीसाठी पट्टी बांधली, तर? तेव्हा ‘खेळात राजकारण नको’ असं मला म्हणता येईल का? नाही येणार. शांतपणे, कुणाला इजा न करता, आपल्या नावावर सही करून तो उभा असेल, तर मला ते सोसावं लागेल. तुमचं काय? जेवताना आई-बाबांशी भांडून बघा!

ओलोंगाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. संघातून वगळलं, धमक्या आल्या, देशद्रोहाची भाषा सुरू झाली. झिम्बाब्वे पहिल्या फेरीतच बाद झाला असता तर तो घरीच अडकला असता. पण ४ मार्चला बुलावायोत पाकिस्तानविरुद्धचा सामना पावसाने वाहून गेला, झिम्बाब्वेला पुढची फेरी मिळाली आणि ते सामने होते दक्षिण आफ्रिकेत! पाऊस असा कुणाच्या मदतीला धावून आलेला तुम्ही ऐकलाय? १२ मार्चला केनियाविरुद्ध तो शेवटचा खेळला, तिकडूनच निवृत्ती जाहीर केली आणि इंग्लंड गाठलं. वय अवघं २६.

फ्लॉवरही त्याच स्पर्धेनंतर देशाकडून खेळायचा थांबला. पुढे तो इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. ओलोंगाला उत्तम गाता येतं. नंतर तो ऑस्ट्रेलियात राहायला गेला, आणि २०१९ साली तिथल्या टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत उभा राहून तो चक्क गायला.