बारा आठवड्यांचा पुनर्जन्म

मराठी विभागांच्या स्टाफरूममध्ये पूर्वी नव्या कादंबऱ्या, रखडलेली प्राध्यापकभरती आणि न तपासलेल्या उत्तरपत्रिका एवढेच विषय चालत. गेल्या काही वर्षांत त्यांत एकाची भर पडली आहे. एम.ए., सेट, क्वचित पीएच.डी. झालेले, चाळिशी ओलांडलेले आणि तरीही तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी वेब डेव्हलपमेंटच्या अभ्यासक्रमांची चौकशी एकमेकांकडे दबक्या आवाजात करू लागले आहेत. बारा-पंधरा आठवड्यांत संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवून नोकरीला लावण्याचे आश्वासन देणारे हे 'कोडिंग बूटकॅम्प'. तिकडे वळलेल्यांविषयी आपल्याकडे दोनच उद्गार ऐकू येतात. 'भाषेला सोडून गेला' हा पहिला आणि 'सुटला बिचारा' हा दुसरा. दोन्हींत विचारापेक्षा सुस्कारा अधिक आहे. या प्रश्नाचा जरा थंड डोक्याने विचार व्हावा, असे आम्हांला वाटते. आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी करावा, कारण बूटकॅम्प आपल्यापर्यंत प्रथम पोहोचतो तो एका संहितेच्या रूपाने. ती संहिता म्हणजे यशोगाथा.

या प्रकाराचा इतिहास लहान आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'डेव्ह बूटकॅम्प' सुरू झाला आणि पाठोपाठ अमेरिकेत अशा शाळांचे पीक आले. तेव्हा कंपन्यांना माणसे हवी होती, विद्यापीठांची चार वर्षांची पदवी महाग होती आणि या दोहोंमधल्या फटीत हा व्यवसाय उभा राहिला. पुढे काही शाळांनी 'आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून फेडा' अशी योजना आणली. भारतातही त्याच नमुन्याच्या शाळा निघाल्या. मात्र ज्या 'डेव्ह बूटकॅम्प'ने ही वाट पाडली, तो २०१७ च्या अखेरीस बंद झाला. ज्या '२यू' कंपनीने अनेक नामवंत विद्यापीठांच्या नावाने बूटकॅम्प चालवले, तिनेही ते गुंडाळत असल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे एका उद्योगाचा उदय आणि उतार आपल्या डोळ्यांदेखत, अवघ्या एका तपात झाला. यशोगाथा मात्र अजून फिरतच आहेत.

या यशोगाथेची घडण पाहण्यासारखी आहे. तिचे तीन भाग ठरलेले असतात. पहिल्या भागात नायक किंवा नायिका एका कोंदट नोकरीत अडकलेली असते. दुसऱ्या भागात बारा आठवड्यांचे तप येते; रात्रीची जागरणे, डोळ्यांतले पाणी, 'हे मला जमणार नाही' असा क्षण. तिसऱ्या भागात नोकरीचे पत्र आणि पगाराचा आकडा. निवेदन प्रथमपुरुषी असते, पण ते छापणारी संस्था विक्रेती असते. शिवाय या कथनाचा काळ फार चतुराईने आवळलेला असतो. अभ्यासक्रम संपणे आणि नोकरी लागणे यांच्या मधले सहा-आठ महिने एखाद्या वाक्यात उरकले जातात. त्या महिन्यांत घरभाडे कोणी भरले, मुलांची फी कोणाच्या पगारातून गेली, हे कथेत येत नाही. बरोबरचे जे अर्ध्यावर निघून गेले, ते तर गौण पात्रे म्हणूनही येत नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्हांला खटकते. या कथेत आधीचे आयुष्य म्हणजे धुऊन टाकायची धूळ असते. रूपांतराच्या कथा मराठीला नव्या नाहीत. महिपतींचा 'भक्तविजय' अशा कथांनीच भरलेला आहे. पण तिथे गोरोबांची माती, सावतोबांचा मळा, नामदेवांचे शिंपीपण पुसले जात नाही. उलट तेच त्यांच्या अभंगवाणीत प्रतिमा होऊन उतरते. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा सर्वपरिचित आहे. ज्याच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो अशी ख्याती होती, त्या नामदेवांना भरसभेत अपमान गिळून विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून जावे लागले. उतारवयात किंवा नाव झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्याचे दुःख ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने ही कथा नीट वाचावी. वीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या मुलाकडून चुका काढून घेताना काय वाटत असेल, ते यशोगाथेत सापडत नाही, महिपतींकडे सापडते.

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेतील 'लॅम्डा स्कूल' ही २०१७ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे 'ब्लूमटेक' असे नाव घेतलेली शाळा या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली. नोकरी लागून वर्षाला किमान ५०,००० डॉलर मिळू लागले की पगाराचा १७ टक्के भाग २४ महिने द्यायचा, कमाल मर्यादा ३०,००० डॉलर, अशी तिची योजना होती. 'हे कर्ज नव्हे' असे ती सांगे. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहक वित्तसंरक्षण यंत्रणेने या शाळेवर कारवाई केली, तिला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी केली आणि हे करार म्हणजे कर्जच असल्याचे म्हटले. यंत्रणेच्या निष्कर्षानुसार जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्याचे सांगितले जात होते. गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीत मात्र तेच प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, काही तुकड्यांच्या बाबतीत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते.

अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा आपण दरवर्षी एम.ए.च्या वर्गात शिकवतो. तिचा व्यवहारातला उपयोग याहून स्पष्ट कुठे दिसणार? 'इतके टक्के नोकरीला लागले' असे वाक्य वाचताच विचारायचे प्रश्न वाचकाचेच आहेत. इतके टक्के कोणांपैकी? प्रवेश घेतलेल्यांपैकी, अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी, की संस्थेने 'नोकरी शोधणारे' म्हणून गणलेल्यांपैकी? किती महिन्यांत? त्याच संस्थेत साहाय्यक शिक्षक म्हणून ठेवून घेतलेला विद्यार्थी नोकरीला लागला असे धरले आहे काय? पगाराची सरासरी सांगितली आहे, की मधला आकडा? आणि चाळिशी ओलांडलेले त्यांत किती? ज्या संस्थेकडे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही, तिथे आपल्या वयाच्या माणसाने पैसे भरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यातच काळ बदलला आहे. २०२२ च्या अखेरीपासून मोठ्या तंत्रकंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली. त्याच सुमारास आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज साधेसोपे वेबपान मिनिटांत लिहून देतात. नवशिक्याला पूर्वी जे काम देऊन हळूहळू तयार केले जाई, नेमके तेच काम ही साधने करू लागली आहेत. बूटकॅम्प ज्या पायरीवर माणसाला नेऊन सोडत असे, तीच अरुंद झाली आहे. वरच्या पायऱ्या आहेत, पण तिथे पोहोचायला बारा आठवडे पुरत नाहीत. दोन-तीन वर्षे लागतात. ती वर्षे ज्याला परवडतात त्यानेच या वाटेला लागावे, हे कटू असले तरी खरे आहे.

मराठीच्या माणसाला या क्षेत्रात काही बळ आहे की नाही? 'प्रोग्रामिंगची भाषाही भाषाच, तुम्हांला सोपीच जाईल' असे गोड बोलणारे भेटतात. यात अर्धेच तथ्य आहे. पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये संगणकभाषांचे व्याकरण मांडण्याच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे असे सुचवले होते, हे खरे. पण आपण ज्या भाषेवर प्रेम करतो ती श्लेषावर, ध्वनीवर, न बोललेल्यावर जगते. यंत्राच्या भाषेत एका वाक्याला दोन अर्थ असणे हा दोषच. आनंदवर्धन वाचल्याने जावास्क्रिप्ट येत नाही.

उपयोगी पडते ती वेगळीच सवय. या व्यवसायात लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात वेळ अधिक जातो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला आणि त्याने पुढचे काय बिघडले, हे धुंडाळणे ही पाठचिकित्साच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या कामाची शिस्त ज्याने मनोभावे समजून घेतली आहे, त्याला 'गिट'सारख्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट लिपीची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद संगणकात वेगळ्या संकेताने नोंदवावा लागतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदवले आणि फाँटात सोय असली, तर ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात, एरवी हिंदी वळणे येतात. जुन्या फाँटांत अडकून पडलेला, शोधता न येणारा कितीतरी मराठी मजकूर बाहेर काढायचा आहे. हे काम मराठी जाणणारा डेव्हलपरच नीट करील. मात्र त्याला बाजारात मोल मिळेलच, अशी हमी आम्ही देणार नाही. तशी हमी देणाऱ्यांविषयीच तर हा लेख आहे.

मूळ दुखणे अर्थात दुसरीकडे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. भाषेला दर्जा मिळाला. ती शिकवणाऱ्याला मात्र अजून तासाचा दर मिळतो. सुटीचा पगार नाही, पुढल्या जूनची शाश्वती नाही, आणि झालेल्या तासांचे मानधनही कधी महिनोन्‌महिने हाती पडत नाही. अशा माणसाने मे महिन्यात संगणकासमोर बसून नवी विद्या शिकायला घेतली, तर त्याला भाषाद्रोही म्हणण्याचा अधिकार कायम पदावर बसलेल्या कोणालाही नाही. आणि पोटासाठी दुसरा व्यवसाय केल्याने साहित्य सुटते असेही नाही. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रात ग्राफिक डिझायनर होते. मराठी कवितेचे त्यामुळे काय नुकसान झाले?

म्हणून जाऊ पाहणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की कर्ज काढण्यापूर्वी सहा महिने फुकट शिकून पाहा. शाळा चालवण्याचे काम केलेल्या आणि तिशीत स्वतः कोडिंग शिकलेल्या क्विन्सी लार्सन यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला 'फ्रीकोडकॅम्प' विनामूल्य आहे. हार्वर्डचा 'सीएस५०' हाही फुकट शिकता येतो. सहा महिन्यांनी गोडी टिकली, तर पुढचा विचार करा. आणि गेलात तर आपली एम.ए. परिचयपत्रातून खोडू नका. विभागप्रमुखांना सांगणे असे, की युनिकोड, अंकीय संपादन, वेबपानाची मूलभूत रचना यांची एखादी अभ्यासपत्रिका एम.ए.ला ठेवता आली तर पाहावे. विद्यार्थ्याला पंचविशीत जे मिळू शकते, ते त्याला चाळिशीत उसने घ्यायला लावू नये. उरलेल्या आपण सगळ्यांनी जाणाऱ्याला स्टाफरूमच्या दारापर्यंत सोडायला जावे, आणि परत येऊन रिकाम्या झालेल्या जागेवर कायम नेमणूक का होत नाही, हा प्रश्न लेखी विचारावा.