आधी बांध घाला, मग एआयला कामाला लावा

खरं सांगा, तुमच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर आत्ता काय काय पडलंय? सेमिनारची पीपीटी, आधार कार्डाचा स्कॅन, 'फायनल', 'फायनल 2', 'एकदम फायनल'... माझंही हेच होतं. एकदा मी कोडिंग करणाऱ्या एआय असिस्टंटला अख्खा डेस्कटॉपच उघडून दिला आणि म्हटलं, 'माझी वेबसाइट नीट कर.' त्यानं केली. पण जाता जाता शेजारच्या सर्व्हेच्या फाइलमधले रकानेही बदलले. मग काय, कागदी फॉर्म काढून दोन रात्री सगळं पुन्हा भरत बसले. राग त्याच्यावर आला, पण हद्द मीच सांगितली नव्हती.

अशा ॲप्समध्ये 'प्रोजेक्ट' नावाची सोय असते. आपल्याला वाटतं, ती फक्त यादी नीटनेटकी दिसावी म्हणून. पण प्रोजेक्ट म्हणजे एका कामाचा फोल्डर, त्या कामापुरत्या सूचना आणि त्या कामापुरतं चॅट. असिस्टंटसमोर नको ते आलं, की त्याच्या उत्तरातही नको ते मिसळतं.

बदनापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या कृषी संशोधन केंद्रानं बीडीएन 711 ही पांढरी आणि बीडीएन 716 ही लाल तूर दिली. तुरीत मधमाश्या एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. म्हणून बियाण्याच्या प्लॉटमध्ये दोन वाणांत विलगीकरण अंतर ठेवावं लागतं, नाहीतर बियाणं शुद्ध राहत नाही. कामाचंही तसंच आहे.

मग काय कराल? एका कामाला एक फोल्डर. त्यात एक साधी नोट: काम कशासाठी आहे, कोणत्या फाइलला हात लावायचा नाही. नवा विषय निघाला की नवं चॅट. असिस्टंटला बदल करू देण्याआधी गिटमध्ये कमिट करा. गिट 2005 पासून आहे, फुकट आहे, आणि काही बिघडलं तर आधीच्या कमिटवर परत जाता येतं. आधार, मार्कशीट मात्र तिथे ठेवूच नका.

'एवढा वेळ कुणाला आहे?' असं म्हणाल. दहा मिनिटं लागतात हो! काही जण म्हणतात, ही वाटणीही एआयनंच करावी. मला ते पटत नाही. काय कशासोबत ठेवायचं हे ठरवतानाच आपलं काम आपल्याला कळतं, आणि व्हायवाला परीक्षक नेमकं तेच विचारतात. कोड तो लिहील, बांध आपणच घालायचा. आज रात्री डेस्कटॉपपासून सुरुवात करा.