चिवटपणाची शिक्षा

समुद्री मासे घरी पाळणाऱ्या नवशिक्याला एक सल्ला हमखास मिळतो : "आधी दोन-चार डॅमसेल सोडा, ते सहसा मरत नाहीत." बोटाएवढा, निळाशार, दिसायला नाजूक असा हा मासा. २००३ च्या 'फाइंडिंग निमो' चित्रपटाने पोरासोरांचा लाडका केलेला क्लाउनफिश याच्याच कुळातला. माझे भांडण आहे ते या सल्ल्याशी.

नव्या टाकीत खारे पाणी ओतले म्हणजे समुद्र होत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. वाळूत नि दगडांवर या जिवाणूंची वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पाणी विषारीच; कल्ले भाजून काढणारे. आणि नेमके याच दिवसांत डॅमसेलला आत लोटायचे. का, तर तो सोसतो! सोसणाऱ्याच्याच पाठीवर ओझे लादण्याची रीत आपल्याला नवी नाही. पण निदान तिला शास्त्रीय पद्धत तरी म्हणू नये. मोजून अमोनिया घातला, किंवा चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू दिले, तरी हे काम एकही मासा न घालता होते.

पुढे पाणी निवळते, मालक महागडे मासे आणतो, आणि डॅमसेल त्यांचे पर कुरतडू लागतो. लगेच तो 'गुंड' ठरतो. अहो, महिनाभर ती टाकी त्याची होती! प्रवाळावरची याची राखण पाहावी. स्टेगास्टेस प्रजातीतले काही डॅमसेल शेवाळाची चक्क शेती करतात. नको ते शेवाळ निंदून बाहेर टाकतात, चरायला आलेल्या आपल्याहून कितीतरी मोठ्या माशावर धावून जातात. दगडाला चिकटलेली अंडी नर राखतो, परांनी त्यांवर पाणी खेळवतो. बांधापायी भावाभावांत कोर्टकचेऱ्या कशा चालतात हे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना सांगायला नको. मग या एवढ्याशा जिवाने वीतभर जागेसाठी दात दाखवले तर नवल कसले? फक्त प्रवाळावर हरलेल्याला पळायला समुद्र असतो. तीन फुटी काचपेटीत त्याने जायचे कुठे?

डॅमसेल पाळूच नये, असे मी म्हणत नाही. पण त्याला सगळ्यांच्या शेवटी आणि एकटाच सोडावा. दगडांत लपायला भरपूर कपारी ठेवाव्यात. भांडण लागलेच तर दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. सगळे डॅमसेल सारखेही नसतात. पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल त्यातल्या त्यात समजूतदार. तीन पांढऱ्या ठिपक्यांचे काळे, गोजिरवाणे डोमिनो मात्र वाढून पाच इंचांच्या आसपास जाते, आणि वयाबरोबर त्याचा तापटपणाही वाढतो. विकत घेतानाच हे विचारावे. कारण एकदा बिनसले की त्याला जाळीत धरणे महाकठीण; बहुधा टाकीतला एकूण एक दगड बाहेर काढावा लागतो.