टाळ्या नेमक्या कुठे पडतात?



‘अंकुश’ हा सिनेमा १९८६ साली आला. इतक्या वर्षांनी त्याच्यावर संपादकीय कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण गेल्या काही महिन्यांत आम्ही तो वस्तीतल्या गटांमध्ये मुद्दाम दाखवला. कुठे बायांच्या बैठकीत, कुठे मंडळाच्या पोरांना सोबत बसवून. निमित्त बदलापूरचं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्यानंतर फटाके वाजले, पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. आपल्या गटांतल्या काही बायांनीही ते पेढे खाल्ले. त्यांना नुसतं ‘हे चूक आहे’ असं सांगून काही होणार नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, ‘अंकुश’ दाखवूया, सगळं त्यातच आहे.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईतली चार बेकार पोरं. रवींद्र, शशी, लाल्या आणि अर्जुन. नाक्यावर उभं राहायचं, कुणाशी तरी मारामारी करायची, घरी शिव्या खायच्या. नाना पाटेकर, मदन जैन, सुहास पळशीकर (राज्यशास्त्राचे अभ्यासक नव्हेत, नट) आणि अर्जुन चक्रवर्ती. शेजारी अनिता नावाची मुलगी आजीबरोबर राहायला येते आणि तिच्यामुळे ही पोरं हळूहळू माणसांत येऊ लागतात. अनिता जिथे नोकरी करते तिथलीच बडी मंडळी तिच्यावर बलात्कार करतात. कोर्टात ती सुटतात, अनिता आत्महत्या करते. मग ही चौघं त्यांना एकेक करून मारतात आणि शेवटी चौघांना फाशीची शिक्षा होते. एन. चंद्रा यांचा हा पहिलाच सिनेमा. त्यातली प्रार्थना पुढे शाळाशाळांमधून म्हटली गेली, आपल्या शिबिरांची सुरुवातही कितीदा तिने झाली आहे. पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ यांनी गायलेली. ती एका बलात्काराच्या आणि खुनांच्या सिनेमातली आहे, हे सांगितल्यावर आमच्या बालवाडीच्या ताई बघतच राहिल्या!

सिनेमा लोकांना का भिडला, हे समजायला १९८६ची मुंबई आठवावी लागते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. घर बायांच्या जिवावर चालू लागलं. कुणी खानावळ चालवली, कुणी पापड लाटले, कुणी चार घरची धुणीभांडी धरली. पोरं नाक्यावर. परळच्या आमच्या गटातल्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे, सिनेमा संपल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, “हा माझा भाऊच की गं. असाच उभा राहायचा. पुढे गेला वाया.” त्यांना अनिताबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “ती बिचारी. पण पोरांनी नाव काढलं तिचं.”

हे मत सगळीकडे ऐकू आलं. ‘असे भाऊ प्रत्येकीला हवेत.’ मंडळाची पोरं तर जोरातच होती. मारायचा प्रसंग आला की शिट्ट्या. त्यांच्यातल्या एकाने मला सरळ विचारलं, “ताई, कोर्टाने सोडलं तर तुम्ही काय करणार? मोर्चा काढणार. आणि मोर्चा घरी गेल्यावर?” प्रश्न उर्मट नव्हता, खराच होता. बाजूला बसलेल्या दोन आयांनी मान डोलावली. त्यातल्या एकीची मुलगी सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, “मला कायदा कळत नाही. माझ्या पोरीला कुणी हात लावला तर मी वाट बघणार नाही.” तिला मी काय उत्तर देणार होते? काही वेळ मीही गप्प होते.

उत्तर आलं ते घरकाम करणाऱ्या एका बाईकडून, आणि तेही दुसऱ्या वस्तीत. तिने एवढंच विचारलं, “त्या पोरीला कुणी विचारलं का, तुला काय पाहिजे?” मग जराशाने म्हणाली, “मेली म्हणून चांगली ठरली. जगली असती तर हीच पोरं नाक्यावर काय बोलली असती, ते मला नका सांगू.”

खोलीत एकदम शांतता पसरली. मंडळाची पोरंही हसली नाहीत.

मला वाटतं, या सिनेमाबद्दलची सगळी चर्चा इथून सुरू करायला हवी. चार पोरं ‘चांगली’ व्हावीत म्हणून एक मुलगी मरते. तिच्यावर जे झालं ते तिचं राहत नाही. ती त्यांच्या पुरुषार्थाची परीक्षा होऊन बसते. ती जिवंत असती तर तिला दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जायचं होतं, नोकरी शोधायची होती, शेजाऱ्यांच्या नजरा झेलायच्या होत्या. अशा प्रसंगांवर टाळ्या पडत नाहीत. एन. चंद्रांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांनी ‘प्रतिघात’ काढला. त्यात कॉलेजात शिकवणारी बाई स्वतः कुऱ्हाड उचलते. तो पाहायला बाया झुंडीने गेल्या होत्या. पण कुऱ्हाड भावाच्या हातातून बहिणीच्या हातात गेली, एवढाच तो बदल.

आता खऱ्या बायांकडे बघू. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. ‘अंकुश’मध्ये घडतं तेच. पण मथुरा मेली नाही. तिने पुढे संसार केला, गरिबीतच का होईना. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यांत आपल्या वसुधा धागमवार होत्या. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, गावोगाव सभा झाल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर ते न्यायालयाने धरून चालावं, असं ठरलं. बाईच्या ‘चारित्र्या’वर उलटतपासणीत चिखल उडवायची जी मुभा कायद्यात होती, ती काढून टाकायला मात्र २००२ साल उजाडलं. म्हणजे अनिता ज्या काळातल्या कोर्टात उभी आहे, तिथे वकील तिला काय काय विचारू शकला असता, ते आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना चांगलंच माहीत आहे.

कायदा शिकणाऱ्या एका मैत्रिणीने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अनिताचं प्रकरण मुळात कामाच्या जागेचं आहे. भंवरी देवींमुळे १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ मध्ये कायदा झाला. सिनेमात मात्र मालक मेले की प्रश्न संपला. तिथे काम करणाऱ्या बाकीच्या बायांचं काय, हे विचारायला कुणी उरतच नाही.

मंडळाच्या त्या पोराला मी शक्ती मिलची आठवण दिली. बंद पडलेली गिरणी. २२ ऑगस्ट २०१३ ला तिथे एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. तिने तक्रार दिली, ते पाहून आधी तिथेच अत्याचार झालेली दुसरी मुलगी पुढे आली. मार्च २०१४ मध्ये दोन्ही खटल्यांत गुन्हा शाबीत झाला. तिघांना फाशी झाली, ती २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. आणि हो, तिथले गुन्हेगार बडे शेठ नव्हते, धड कामधंदा नसलेली पोरंच होती. हे मी सावधपणे लिहिते आहे, कारण ‘झोपडपट्टीतली पोरं’ म्हणून बोट दाखवणं सोपं असतं. पण नाक्यावरचा प्रत्येक भाऊ रक्षणकर्ता, हेही सिनेमातच शोभतं.

बदलापूरच्या आरोपीच्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल उच्च न्यायालयात आला आणि त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. त्या दोन मुलींच्या बाबतीत काय झालं, त्याला कोण कोण जबाबदार, हे त्या खटल्यात जितकं बाहेर आलं असतं तितकं आता येणार नाही. त्याच्या आईवडिलांना मुलाला पुरायला जागा मिळेना, हेही तेव्हा छापून आलं होतं. मी ते एका बैठकीत वाचून दाखवलं. “माझ्या पोरीला कुणी हात लावला तर” म्हणणारी ती आई तिथेच होती. ती म्हणाली, “त्या बाईने काय केलं होतं?” तिचं आधीचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. ते तसंच आहे, आणि हा प्रश्नही आहे.

यातून एक काम निघालं आहे, ते सांगून थांबते. परळ गटातल्या बाया आणि मंडळाची सहा पोरं मिळून पथनाट्य बसवत आहेत. अनिता जगते, तिथून सुरुवात. पहिल्याच तालमीत अडलं, कारण पोरांना काय करायचं तेच कळेना. मारायचं नाही तर मग काय? बरीच चर्चा झाल्यावर लाल्याचं काम करणारा पोरगा म्हणाला, “तारखेला तिच्याबरोबर जायचं. दिवसभर बसायचं.” खरंच गेलेल्या बायांना हे ठाऊक आहे. तारीख पुढे ढकलली जाते, साक्षीदार फिरतो, रोजंदारी बुडते, चहाच्या टपरीवर आरोपीचे नातेवाईक शेजारी येऊन बसतात. हे सगळं नाटकात आणायचं आहे. तुमच्यापैकी कुणी कुणाबरोबर अशा तारखांना गेला असाल तर लिहा. किती खेपा झाल्या, खर्च कुणी केला, घरी काय सांगून निघालात, सगळं. ८ मार्चच्या आत पोचलं तर तालमीला उपयोगी पडेल.