संगणकाशी गट्टी : फाईल वाटेत का अडते?

बालदोस्तांनो, गणपतीला कोकणातल्या घरात काय काय जमतं ते मी तुम्हाला सांगायला नको. माणसं जमतात, मोदक जमतात आणि हल्ली माणसांबरोबर लॅपटॉपही जमतात!

समजा, असंच एक घर आहे सिंधुदुर्गातल्या नांदगावला. घरातल्या जुन्या संगणकात जत्रेतल्या दशावताराचं चित्रीकरण आहे. रात्रभराचा खेळ, त्यामुळे फाईल चांगली ६ जीबीची. त्यात राजाचं सोंग घेतलेले आजोबा आज नाहीत, आणि ही फाईल एकच आहे. मुंबईच्या दादाला ती वाय-फायवरून आपल्या लॅपटॉपमध्ये हवी आहे. कॉपी सुरू होते, निम्म्यावर येते आणि... थांबते! पुन्हा केली, पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा बटण दाबायचं का?

थांबा बरं का! आधी एक गोष्ट ऐका. एका संगणकातून दुसऱ्यात फाईल पाठवायचे नियम सगळ्यात आधी कोणी लिहिले, ठाऊक आहे? अभय भूषण या भारतीय तरुणाने. अलाहाबादचा मुलगा, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी. अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना, एप्रिल १९७१ मध्ये, त्याने हे नियम मांडले. त्यांनाच एफटीपी म्हणतात. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. १९८५ सालच्या नियमांत एक फार शहाणी युक्ती आहे. काम फसलं की समोरचा संगणक तीन आकडी उत्तर देतो. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा बघा. ५ असेल तर तेच तसंच पुन्हा करू नका, काहीतरी बदला.

आपल्या घरातले संगणक एकमेकांशी बोलतात ते बहुधा एफटीपीने नव्हे. विंडोजची तऱ्हा वेगळी आहे. पण ४ की ५, हा प्रश्न इथेही अगदी चपखल बसतो.

आधी चारवाल्या अडचणी पाहू. कोकणातल्या जुन्या घराची चिऱ्याची भिंत केवढी जाड असते! राऊटर ओटीवर आणि लॅपटॉप माजघरात, म्हणजे मधल्या भिंती वाय-फायचा जोर खाऊन टाकतात. सेकंदाला २ एमबी या वेगाने ६ जीबी जायला ५० मिनिटं लागतील. तेवढ्यात कोणी हात लावला नाही तर लॅपटॉप झोपी जातो. तो झोपला की कॉपी मेली! किंवा वीज जाते, राऊटर बंद पडतो. उपाय साधा आहे. दोन्ही यंत्रं राऊटरजवळ आणा, नाहीतर सरळ केबल लावा. १०० एमबीपीएसच्या केबलवर हेच काम ८ ते १० मिनिटांत उरकतं. शिवाय लॅपटॉपची झोप तेवढ्यापुरती बंद करा.

आणि हो, ‘नेट गेलंय, फाईल कशी जाणार?’ असं पुष्कळजण म्हणतात. पण घरातल्या घरात फाईल पाठवायला इंटरनेट लागतच नाही! राऊटरला वीज असली की पुरे. फक्त दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर हवीत. एक ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तर राऊटर मुद्दामच त्यांची गाठ पडू देत नाही. एखाद्या यंत्राचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असं समजा आणि त्याला पुन्हा जोडून घ्या.

आता पाचवाल्या. यांत खरी गंमत आहे.

जुन्या संगणकाला पासवर्डच नाही? मग विंडोज त्या खात्यातून बाहेरच्याला आत घेत नाही. पिन टाकून पाहिली? तीही चालणार नाही, कारण पिन त्या एका यंत्रापुरतीच असते. खात्याला नीट पासवर्ड द्या, तोच पलीकडून टाका. नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर घरच्यासाठी ते ‘प्रायव्हेट’ करा.

दादा म्हणाला, फाईल राऊटरला लावलेल्या पेनड्राईव्हवर टाकू. तीही अडली! पेनड्राईव्हवर १० जीबी जागा मोकळी, तरी ‘फाईल फार मोठी’ असं उत्तर. हे कसं? तो पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असणार. त्यात एका फाईलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाईटपेक्षा मोठी फाईल मावत नाही. एक्सफॅट पद्धतीने आखला की मावते, पण आखताना आतलं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

नावसुद्धा आडवं येतं बरं का! लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजवर नाही. आणि लिनक्सवर नावाला २५५ बाईटची मर्यादा असते. मराठीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे ‘नांदगाव’चे झाले २१! विंडोजवर सुखाने नांदणारं लांबलचक मराठी नाव तिथे अडतं, ते यामुळे.

आई-बाबांसाठी दोन शब्द. फाईल जाईना म्हणून फायरवॉल कायमची बंद करू नका. आणि ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धत चालू करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा उपद्रव जगभर पसरला तो तिच्यातल्याच एका भोकातून. अनेक देशांतल्या यंत्रांवरच्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. विंडोजनेही त्या वर्षापासून नव्या यंत्रांवर ही पद्धत आपणहून देणं थांबवलं.

आमच्याकडे आजी शिंकाळ्यातलं भांडं उतरवतानाही विचारायची, “धरलंस ना रे नीट?” आणि तू ‘हो’ म्हटल्याशिवाय वरचा हात सोडायची नाही. म्हणून ‘कट’ कधीच नाही, नेहमी ‘कॉपी’. पोचलेल्या फाईलचे बाईट मूळ फाईलशी ताडून पाहा. पण आकार जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. कधी कधी जागा आधीच अडवलेली असते आणि आतला माल आलेलाच नसतो. चित्रीकरण सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी लावून पाहा. राजाचा आवाज तिथवर नीट ऐकू आला आणि दुसरी एक प्रत आणखी कुठे ठेवली, की मगच जुना संगणक भंगारात द्यायचा का, यावर घरच्यांनी खुशाल वाद घालावा.

तोवर तुमच्या पूर्ण नावाचे बाईट मोजा पाहू. जोडाक्षरातला हलन्तही एक चिन्ह धरायचा हं!